बिअर चालते, अनारसे चालत नाहीत

जावयाला तोंडावर ‘तुम्ही’ म्हणायचं आणि मनात काय वाटेल ते म्हणायचं, ही सोय आपल्या लोकांनी करून ठेवली म्हणून बरं. नाहीतर त्या अधिक महिन्यात माझ्या तोंडून काय काय बाहेर पडलं असतं, ते मलाच सांगवत नाही. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. मनात एक आणि तोंडावर एक, हे मला कधी जमलेलं नाही. पण जावयापुढे ते जमवावं लागलं.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला लक्ष्मी-नारायण समजून जेवायला बोलवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे करायचे आणि तीस-तीन अनारशांचं वाण जावयाच्या हातात द्यायचं. तेहेतीस असं कोणी म्हणत नाही, तीस-तीनच म्हणतात. लग्नाला दोन वर्षं झाली होती, म्हणजे लेकीचा हा पहिला धोंडा. पहिल्या धोंड्याला जावई जेवून गेला नाही, तर ते आयुष्यभर पाहुण्यांच्या तोंडी राहतं. आणि पाहुण्यांचं सोडा, मलाच ते हवं होतं. माझ्या हातचा अनारसा त्याने खावा, एवढं एकच मला त्या महिन्यात हवं होतं. बाकी त्याच्याकडून माझी काही अपेक्षा नव्हती.

आमच्या नाशकातल्या रविवार कारंज्यावरच्या नेहमीच्या दुकानातून जुना तांदूळ आणला. भिजवला, रोज पाणी बदललं, पंच्यावर पसरून सुकवला, पण दमट असतानाच दळून घेतला, कारण पूर्ण सुकला की संपलं. गूळ किसून त्यात मळला आणि गोळे डब्यात मुरत ठेवले. हे मला माझ्या सासूबाईंनी नामपूरला शिकवलं. त्या पिठाला बोट लावून बघायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, “आते तळ, तयार शे.” त्यांनी म्हणायच्या आधी तळायला गेलं, की अनारसा तुपात हसायचा. हसायचा म्हणजे विरघळून, पसरून, चुरा होऊन जायचा. मी नवी नवरी असताना माझे बरेच हसले, आणि सगळं घरही त्यांच्याबरोबर हसलं. पुढे मात्र माझा अनारसा कधी हसला नाही.

पीठ मुरत असतानाच लेकीचा पुण्याहून फोन आला.

“आई, धोंडे, अनारसे असलं काही करू नकोस हं. त्याचं लो-कार्ब चालू आहे.”

“अगं, मी पीठ मुरत घातलंय. काय चालू आहे म्हणालीस?”

“लो-कार्ब. वजन कमी करायचंय. भात, पोळी, साखर, गूळ, बटाटा सगळं बंद. पनीर, अंडी, भाज्या चालतात. तू टेन्शन घेऊ नकोस, मी डब्यात सगळं घेऊन येते.”

माझ्या घरी जेवायला येताना डबा घेऊन येणार! मी नुसतं ‘बरं’ म्हटलं. तिला वाटलं, मला पटलं.

“आणि शनिवारी संध्याकाळी तो एक बिअर घेईल. बाबांना सांग, थंड करून ठेवायला.”

“बिअर चालते?”

“आठवड्याला एक चालते, ॲपमध्ये मोजलेली असते. बाकी दिवस काटकसर केली की तेवढी जागा उरते. नाही घेतली, तर तेवढ्याचं दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी खाता येतं. पण तो बिअर कसला सोडतोय!”

“म्हणजे रजा साठवतात तसं,” मी म्हटलं.

“अगदी तसंच!” ती खूश झाली.

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन दोन-तीन भांडी उगाच आपटली. बिअर चालते आणि अनारसे चालत नाहीत! बिअर काय दुधाची करतात? जवाचीच ना ती? जव काय वेलीला लागणारी भाजी आहे? अधिक महिन्यात, माझ्या घरात, देवाला नैवेद्य ठेवते त्या फ्रीजमध्ये बाटल्या ठेवायच्या, आणि ज्या पिठाला मी आठवडाभर तळहातावर जपलं, ते मात्र बंद! वजनाचं काय ते लाड. लग्नात हा पोरगा चांगला भरलेला होता, गालाला गाल होते. आता म्हणे कार्ब. हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. एक माणूस घरात असं खूळ घेऊन बसला, की ते निस्तरतं कोण? बायको. पनीर कापणार कोण, अंडी उकडणार कोण, डबे भरणार कोण? माझी एकुलती एक, शिकलेली, स्वतः कमावणारी पोरगी त्याच्या पोटाची चाकरी करत असणार, याबद्दल माझ्या मनात शंकाच उरली नाही. त्या दिवसापासून तो मनातल्या मनातसुद्धा ‘जावई’ राहिला नाही. नुसता ‘तो’ झाला.

“मी अनारसे करणार,” मी यांना सांगितलं. “खाल्ले तर खाल्ले.”

“त्याने नाही खाल्ले, तर मी आहे ना,” हे म्हणाले.

“तुम्ही नाहीच आहात,” मी म्हटलं.

यांची शुगर बरीच वर्षं काठावर आहे. अंबडच्या कंपनीत होते तेव्हा कॅन्टीनचं काहीबाही खायचे. निवृत्त झाल्यापासून सगळं माझ्या हातात आहे, म्हणून काठावरून आत पडले नाहीत. यांच्या ताटातला भात मी वाढते, पोळ्या मी ठरवते, चहात साखर नाही, आणि बिअर महिन्यातून एखादी, तीही मी म्हणेन तेव्हा. त्यासाठी मला कुठलं ॲप लागत नाही. माझ्या हाताला कळतं. यांची कधी तक्रार नसते. शेजारपाजारच्या बायका मला म्हणतात, तुमचे मिस्टर किती ऐकतात हो तुमचं.

शनिवारी सकाळी दोघं गाडीने आले. ऊन असलं होतं, की इंदिरानगरच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. तो वाकून पाया पडला, तर शर्टाची कॉलर मानेपासून लांब. इतका वाळला होता. “या जावईबापू,” मी म्हटलं. आणि मनात म्हटलं, या आणि उपाशी राहा. लेकीने आत येताच पिशवीतून एक चपटा काचेचा वजनकाटा काढला आणि माझ्या ओट्यावर ठेवला. माझ्या ओट्यावर, जिथे उभं राहून मी लग्नाचा सगळा फराळ केला, तिथे आता पनीर मोजलं जाणार होतं!

हे दोघांना मिसळ खायला घेऊन गेले. नाशकात पाहुणा आला, की त्याला मिसळ खायला घालायचीच, आणि यांना तर निमित्तच हवं असतं. परत आल्यावर मी यांना आतल्या खोलीत गाठलं.

“काय खाल्लं त्याने?”

“मिसळ. पण पाव नाही आणि फरसाण बाजूला काढलेलं. नुसती मटकी आणि तर्री. वेटर दोनदा विचारून गेला, काही चुकलं का म्हणून.”

“आणि त्याचे पाव कोणी खाल्ले?”

हे खिडकीबाहेर बघायला लागले.

“किती खाल्ले?”

“एकच,” हे म्हणाले. पण मी यांना काही आज ओळखत नाही. रात्रीचा भात मी तेव्हाच बंद केला.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं गॅलरीत बसले. दोन बाटल्या, दोन ग्लास, वाटीत खारे शेंगदाणे. शेंगदाणे लेकीने स्वतः मोजून दिले. मी आत अनारसे तळत होते. खसखशीवर थापायचे, खसखस वर ठेवून तुपात सोडायचे, उलटायचे नाहीत, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. जाळी सुंदर पडत होती. अधिक महिन्यात जाळीदार वस्तूचंच वाण देतात. एकेक अनारसा चाळणीत उभा करताना मला असं वाटत होतं, की हा उचलावा आणि गॅलरीत नेऊन त्याच्या ग्लासात बुडवावा.

लेक माझ्या बाजूला उभी राहून उद्यासाठी काकडी कापत होती.

“तुला फार करावं लागतं गं,” मी म्हटलं.

“नाही गं, सवय झाली. मला काही त्रास नाही. सगळं मीच बघते.”

सगळं मीच बघते! ऐकलं आणि मी गॅस बारीक केला. हेच, अगदी हेच मला माहीत होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला कळेना, मी असं का करतेय.

गॅलरीतून यांचं हसणं ऐकू आलं. हे सहसा असे हसत नाहीत. मग नामपूरच्या कांद्याच्या मार्केटमधला कुठलासा जुना किस्सा सुरू झाला. हा किस्सा मी चाळीस वर्षांत ऐकलेला नव्हता. तो संपला, तर दुसरा. मी जाऊन बघितलं. यांचे डोळे चकाकत होते, गाल लाल झाले होते. समोर तो अगदी शांत, मान खाली घालून शेंगदाणे एकेक करून खात बसलेला. दोन्ही बाटल्या रिकाम्या.

“अहो, पुरे,” मी म्हटलं. हे वाक्याच्या मध्येच थांबले. किस्सा तिथेच राहिला.

आत येऊन मी लेकीला म्हटलं, “तुझ्या नवऱ्याने माझ्या माणसाला चढवलीय.” एका बिअरने एवढं होत नाही, एवढं गणित मला येतं. त्याने आधीच घरून आणखी काहीतरी आणलं असणार, असं मी धरून चालले. स्वतःचा नेम सांभाळायचा आणि माझ्या काठावरच्या माणसाला बिघडवायचं! त्या रात्री मला नीट झोपही लागली नाही, इतका तो माझ्या डोक्यात गेला होता.

रविवारी दुपारी मी पाट मांडले, भोवती रांगोळी काढली, समया लावल्या. तांब्याच्या ताम्हणात तीस-तीन अनारसे रचले, वर दिवा ठेवला. लेक-जावयाला ओवाळलं. त्याने वाण दोन्ही हातांनी घेतलं आणि कपाळाला लावलं. नाटकं, मी मनात म्हटलं.

मग पानं वाढली. माझ्या, लेकीच्या आणि यांच्या ताटात सगळं साग्रसंगीत होतं. यांच्या ताटात मी एकच धोंडा ठेवला होता, तोही लहान बघून. आणि त्याचं ताट लेकीने वाढलं. पनीर, काकडी, पालकाची कोरडी भाजी, दोन अंडी. अधिक महिन्यात, धोंड्याच्या पंगतीत, रांगोळीच्या मध्ये अंडी! देवाची समई ते बघत होती.

माझं डोकं फिरलं. मी धोंड्यांचं पातेलं उचललं, गेले त्याच्या पाटापाशी, आणि एक मोठा धोंडा त्याच्या ताटात बरोबर अंड्यांच्या शेजारी ठेवला. वर तुपाची धार सोडली. मग ताम्हणातला एक अनारसाही उचलून ठेवला.

“घ्या जावईबापू. एकाने काही होत नाही. बिअर चालते, तर हेही चालेल.”

मला वाटलं, तो आता माझ्याकडे रागाने बघेल. निदान पुणेरी आवाजात काहीतरी शिकवेल. मी तयारच होते. बत्तीस वर्षं मी वर्ग सांभाळला आहे.

त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. त्याने लेकीकडे बघितलं.

त्या बघण्याला काय म्हणावं, मला कळत नाही. शाळेत पोरं बाहेर जाऊ का म्हणून विचारायच्या आधी असं बघतात. हात अनारशाच्या जवळ गेलेला, पण टेकलेला नाही. बत्तीस वर्षांचा, सहा फुटांचा माणूस.

“नाही हं,” लेक म्हणाली. आवाज चढवलासुद्धा नाही तिने. “काल बिअर घेतलीस ना? मग आज हे नाही. दोन्हींपैकी एक, असं ठरलंय आपलं. आई, उचल ते.”

मी पातेलं धरून तशीच उभी. मला एकदम काही सुधरेना. हे त्याचं खूळ होतं ना?

“मी नाही घेतली काल,” तो म्हणाला.

“अरे, खोटं बोलू नकोस. मी रिकामी बाटली बघितली.”

“एक घोटही नाही घेतला. सगळी बाबांच्या ग्लासात ओतली.” मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओशाळून हसला. “आजच्यासाठी ठेवलं होतं, आई. अनारशांसाठी. ही म्हणाली होती, तुम्ही पीठ मुरत घातलंय. मला लहानपणापासून आवडतात. पण बिअर नको म्हटलं असतं, तर हिने कारण विचारलं असतं, आणि मग अनारसेही नको म्हटली असती. डॉक्टरांनी तर नुसतं चाला म्हणून सांगितलंय. बाकीचं हिचंच आहे.”

शेवटची दोन वाक्यं त्याच्या तोंडून निसटली असावीत, कारण ती म्हणताच त्याने मान खाली घातली.

मी पातेलं यांच्या पाटाजवळ टेकवलं आणि म्हटलं, “अहो, खरं का हे?” यांनी ताटातल्या मिठाकडे बघत मान हलवली.

म्हणजे आठवडाभर मी ज्याच्या नावाने भांडी आपटली, त्या माणसाने माझ्या एका अनारशासाठी आपली बिअर सोडली होती. आठवड्यातून एकच काय ती त्याची मोकळीक, तीसुद्धा. आणि मी त्याला काल काय काय म्हटलं मनात! पण माझा राग कुठे जाईना. तो नुसता बसायची जागा शोधत फिरत होता, आणि समोर माझी पोरगी बसली होती.

“बरं,” लेक जरा विचार करून म्हणाली, “मग अनारसा खा. अर्धा. धोंडा नाही. अर्धा आता आणि उरलेला चार वाजता. मी सांगते तुझ्या भल्यासाठीच ना?”

ती चिडलेली नव्हती. त्याचाच मला धसका बसला. ती प्रेमाने सांगत होती. तिने त्याचा अनारसा उचलला, बोटांनी बरोबर मध्ये मोडला. काटा लागला नाही, तिच्या हाताला कळलं. अर्धा त्याच्या ताटात ठेवला आणि अर्धा आपल्या वाटीत झाकून ठेवला. “आता हळूहळू खा,” म्हणाली. आणि माझ्याकडे बघून हसली. आपण दोघी बायका एका बाजूच्या, असं ते हसणं होतं.

तो खाऊ लागला. अर्धा अनारसा एवढा वेळ खाता येतो, हे मला माहीत नव्हतं. जिभेवर धरून ठेवत होता. खसखशीचे दाणे ताटात पडले, ते बोटाने टिपून खाल्ले. “कसा झालाय?” मी विचारलं. “हसला नाही, आई,” तो म्हणाला. म्हणजे त्याला हेही माहीत होतं. त्याच्या घरीही कोणीतरी करत असणार.

मला लेकीवर ओरडायचं होतं. सांगायचं होतं, की माणसाला असं वागवतात का, तो काय तुझ्या वर्गात बसलेला आहे? शब्द अगदी ओठांवर होते. ते बोलण्यासाठी मी मान वर केली, आणि समोर हे होते.

यांचा धोंडा केव्हाच संपला होता. सगळ्यांचं लक्ष तिकडे आहे असं बघून यांनी पातेल्यातला दुसरा उचलला होता. तो हातात होता, ताटाच्या वर, अधांतरी. तुपाचा थेंब मनगटावरून कोपराकडे चालला होता. आणि हे माझ्याकडे बघत होते. तसंच. थोड्या वेळापूर्वी मी जे जावयाच्या डोळ्यांत बघितलं होतं, अगदी तसंच. फक्त यांच्या डोळ्यांत ते जुनं होतं. कधीपासूनचं, कोण जाणे.

“अहो, खा की!” मी म्हटलं. “खा ना! मी काय हात धरलाय का तुमचा?”

मला ते प्रेमाने म्हणायचं होतं. पण माझा आवाज चढला. माझा आवाज चढतोच.

यांनी पटकन मान खाली घातली आणि धोंडा पातेल्यात परत ठेवला.